चिऱ्यांवर ट्रायल्स: बाइकची जुळणी आणि चालवण्याचं तंत्र

ट्रायल्स या मोटरसायकलच्या खेळात घड्याळाला फारसं काम नसतं. दोरी लावून आखलेला चाळीस-पन्नास मीटरचा एक तुकडा असतो, त्यात दगड, ओंडके, ओहोळ, चढ-उतार, आणि तो पाय न टेकता पार करायचा असतो. या तुकड्याला सेक्शन म्हणतात. एकदा पाय टेकला तर एक दंडगुण, दोनदा टेकला तर दोन, तीनदा किंवा त्याहून जास्त टेकला तरी तीनच. पडलात किंवा दोरीबाहेर गेलात तर पाच. शेवटी ज्याचे गुण सर्वांत कमी, तो पहिला. स्पेनच्या टोनी बूने २००७ ते २०२४ अशी सलग अठरा वर्षं मैदानी जागतिक विजेतेपद मिळवलं ते याच हिशेबात.

गोव्यात या छंदासाठी जागा शोधत लांब जायला नको. जांभ्याचा सडा (उघडं दगडी पठार), ओसाड पडलेली चिरेखाण, काजूच्या डोंगरातली वाट, किंवा नुसते घरामागे उरलेले पंधरा-वीस चिरे (जांभ्याचे कापलेले ठोकळे) आणि पावसात पडलेला एक माड, एवढ्यावर वर्षभराचा सराव होतो. अडचण वेगळीच आहे. जांभ्याची कड टायर कापते, जूनपासून त्याच जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि दमट खारी हवा पेट्रोलपासून बेअरिंगपर्यंत सगळीकडे शिरते. म्हणून युरोपातल्या थंड हवेसाठी लिहिलेले आकडे इथे थोडे बदलून घ्यावे लागतात. आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगितलेली बरी: या खेळात इंजिनची ताकद कधीच कमी पडत नाही. कमी पडतो तो क्लचवरच्या एका बोटाचा ताबा आणि टायरची पकड. खालची सगळी जुळणी या दोन गोष्टींसाठीच आहे.

बाइक कोणती

खरी ट्रायल्स बाइक, म्हणजे मॉन्टेसा, गॅसगॅस, बेटा, शेरको, टीआरएस यांपैकी एखादी, ६५ ते ७५ किलोची असते. तिला बसायला सीट नसते आणि टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावतं. आपल्याकडच्या शोरूममध्ये ती सहज मिळत नाही. बाहेरून आलेली जुनी मिळाली तरी नोंदणी नसेल तर रस्त्यावर चालवता येत नाही, पिकअपमधून न्यावी लागते. म्हणून बहुतेकांनी हिरोची एक्सपल्स २०० किंवा जुनी इम्पल्स यांवर सुरुवात करावी हे शहाणपणाचं. एक्सपल्सचं वजन १६० किलोच्या आसपास. तोल, फुल लॉकची (हँडल पूर्ण वळवून घ्यायची) वळणं, क्लचचा ताबा, ओंडका, उतार हे सगळं तिच्यावर शिकता येतं. मागचं चाक उडवून बाजूला टाकण्याच्या कसरती मात्र तिच्यावर करायच्या नाहीत, आणि चिऱ्याच्या दोन थरांपेक्षा उंच पायरीही नाही. त्यापुढे लिव्हर, रिम आणि मनगट, तिन्ही जातात.

हवा: निम्मं काम इथेच

खऱ्या ट्रायल्स बाइकला पुढे २.७५-२१ आणि मागे ४.००-१८ मापाचा टायर असतो. मागचा बहुतेक वेळा ट्यूबलेस. नेहमीचा दाब पुढे ५.५ ते ६.५ पीएसआय आणि मागे ४ ते ४.५. पेट्रोल पंपावरच्या गेजवर हा आकडा वाचताच येत नाही, तेव्हा ० ते १५ पीएसआयचं लो-प्रेशर गेज आणि सायकलचा पायपंप ही पहिली खरेदी.

कोरड्या चिरेखाणीत, जिथे कडा ताज्या कापलेल्या आहेत, तिथे मागे ५ आणि पुढे ७ ठेवा. पकड थोडी जाते, पण रिमला पोचा येत नाही. चिखलात आणि शेवाळावर मागे ४ वर या. ४ च्या खाली जायचा मोह होतो, पण चाकाला बाजूने धक्का बसला की टायरची कड रिमवरून सुटते आणि सगळी हवा एकदम जाते. मग जागेवर ती कड परत बसवणं पायपंपाने जवळजवळ अशक्य.

ऊन विसरू नका. सकाळी सावलीत २५ अंशांना ४ पीएसआय भरलेला टायर उन्हात ४० अंशांपर्यंत तापला तर गेज जवळपास ५ दाखवतं. हवेचा दाब वाढतो तो वातावरणाचा दाब धरून होणाऱ्या एकूण दाबाच्या प्रमाणात. इथे तो एकूण दाब १८.७ आहे आणि त्याचे पाच टक्के म्हणजे जवळजवळ १ पीएसआय. रस्त्याच्या ३० पीएसआयच्या टायरला दोनेक पीएसआय वाढले तर कळतही नाही. इथे एका पीएसआयने पाव हिस्सा बदलतो, आणि कालपर्यंत चढणारी बाइक आज त्याच दगडावर चाक घसरवत उभी राहते. दाब जागेवर पोचून, टायर सावलीत थंड झाल्यावर तपासा. ऊन चढलं की परत तपासा.

ट्यूबलेस टायर रिमवर बसवताना कडांना साबणाचं पाणी लावा, व्हॉल्व्हमधली सुई काढून ठेवा आणि कॉम्प्रेसरने हवा एकदम सोडा. ३० ते ४० पीएसआयच्या दरम्यान दोन्ही बाजू ठक्कन बसल्याचा आवाज येतो. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापुढे जाऊ नका. नाही बसला तर हवा सोडून परत साबण लावा. पंक्चर काढताना बाहेरून दोरी घालणारी पद्धत टाळा. एवढ्या कमी दाबात टायर सतत दुमडतो आणि दोरी सैल होऊन गळायला लागते. टायर उतरवून आतून पॅच लावायला सांगा. पंक्चरवाला कुरकुरेल, पण काम टिकेल.

एक्सपल्ससारख्या ट्यूबवाल्या बाइकला हे आकडे अजिबात लावू नका. पुढे १५ आणि मागे १४ पीएसआयपासून सुरुवात करा. टायर रिमला आवळून धरणारा रिम लॉक बसवला असेल तर १२ पर्यंत उतरता येतं. कमी हवेत टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढत नेतो आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. त्याची खूण आधी दिसते: व्हॉल्व्ह तिरका झालेला असतो. म्हणून व्हॉल्व्हची नट रिमला आवळून ठेवू नका, वर टोपीपाशी आणून ठेवा. व्हॉल्व्ह कलला की हवा सोडून टायर मागे फिरवून सरळ करा. आणि घरी जाताना डांबरी रस्त्याला लागण्याआधी बाइकवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. १४ पीएसआयवर साठच्या वेगाने वळण घेणं म्हणजे टायर रिमवरून सोडवून घेणं.

हाताखालचं, पायाखालचं

सगळ्या गोष्टी उभं राहून लावायच्या, बसून नव्हे. बाइक कोणाला तरी धरायला सांगा, फूटरेस्टवर उभे राहा, गुडघे थोडे वाकवा, कोपरं बाहेर काढा. हँडलबारचे उभे भाग फोर्कच्या रेषेत किंवा अगदी थोडे पुढे हवेत. मागे ओढलेलं हँडल फुल लॉकला गुडघ्यावर आपटतं.

क्लच आणि पुढचा ब्रेक दोन्ही एकाच बोटाने चालवायचे. त्यासाठी लिव्हरचा क्लॅम्प ग्रिपपासून दोन-तीन सेंटिमीटर आत सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या वळणावर येते आणि कमी जोर लागतो. उभ्या स्थितीत मनगट, हाताचा पंजा आणि बोट एका रेषेत यावं. क्लॅम्पखाली नळाला लावतात ती टेफ्लॉनची टेप दोन वेढे गुंडाळा आणि बोल्ट इतकाच आवळा की जोर लावून हाताने लिव्हर फिरवता येईल. पडल्यावर लिव्हर फिरते, तुटत नाही. हा पाच मिनिटांचा उद्योग आहे आणि न करणारे लिव्हरवर खर्च करत राहतात.

क्लच कुठे पकडतो हे सर्वांत महत्त्वाचं. लिव्हर पूर्ण दाबून सोडत आणा: साधारण मधल्या टप्प्यात चाक फिरायला लागलं पाहिजे. ग्रिपला चिकटूनच पकडत असेल तर बोटाला खेळ उरत नाही; अगदी टोकाला पकडत असेल तर क्लच अर्धवट घसरत राहील. वायरवाल्या क्लचला लिव्हरच्या मुळाशी दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा. हायड्रॉलिक क्लच मऊ लागला तर त्यात हवा आहे. पण तेल भरण्याआधी झाकण वाचा. काहींना डॉट ४ लागतं, काहींना मिनरल ऑइल, आणि एकाच्या जागी दुसरं घातलं की आतली रबरी सील फुगून जातात. एक्सपल्सच्या क्लचला हा खेळ सवयीचा नाही. दहा-बारा मिनिटं सलग क्लचवर काम केलं की पाच मिनिटं इंजिन बंद ठेवा, जळका वास आला तर जास्त वेळ, आणि इंजिन ऑइल जासो एमए२ (ओल्या क्लचसाठीच्या) दर्जाचंच वापरा.

फूटरेस्टवर रबर असेल तर काढा. खालचे दात बोथट झाले असतील तर कानशीने धार द्या. मागच्या ब्रेकचं पेडल फूटरेस्टच्या पातळीपेक्षा किंचित खाली असावं, म्हणजे टाच न उचलता बूट त्यावर राहतो. कार्ब्युरेटरवाल्या बाइकची आयडलिंग नवशिक्याने थोडी चढी ठेवावी. उतारावर क्लच सोडताना इंजिन बंद पडण्याची भीती जाते.

मागच्या शॉकची तपासणी टेपने होते. ट्रायल्स बाइकच्या मागच्या चाकाची हालचाल साधारण १६५ ते १७५ मिलिमीटर असते. स्वार उभा राहिल्यावर त्यातला एक तृतीयांश, म्हणजे ५५ ते ६० मिलिमीटर दबला पाहिजे. कमी दबत असेल तर स्प्रिंगची नट सैल करा, जास्त दबत असेल तर आवळा. मग दोन्ही पायांनी एकदम खाली दाब द्या. पुढचं-मागचं सारखं दबावं आणि एकदाच वर यावं. मागची बाजू दोनदा उसळली तर रिबाउंड, म्हणजे शॉकची परत वर येण्याची गती, हळू करा.

एक्सपल्सला पहिला गियर ट्रायल्सच्या मानाने लांब पडतो. पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी केला, समजा १३ चे १२, तर वेग सुमारे पावणेआठ टक्के उतरतो आणि चालण्याच्या वेगाला क्लच कमी घासावा लागतो. चेनची ढिलाई मात्र नंतर परत तपासा, आणि ती माणूस बाइकवर उभा असताना. स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट आणि चाकाचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. त्या वेळी बोटाने एक-दीड सेंटिमीटर हलली पाहिजे.

पेट्रोल

टू-स्ट्रोकमध्ये तेलाचं प्रमाण कंपनीच्या पुस्तकातलंच घ्या. बहुतेकांचं ६० ते १०० ला १ असतं. एका लिटरला ८०:१ म्हणजे १२.५ मिलिलीटर, १००:१ म्हणजे १०. औषधाची सिरिंज वापरा, बाटलीच्या झाकणाने अंदाज नको. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलवालं आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ते फार लवकर होतं. तेल मिसळलेलं पेट्रोल तीन-चार आठवड्यांपेक्षा जुनं वापरू नका. याच पेट्रोलवर मिश्रण थोडं पातळ होतं: रेस सोडल्यावर इंजिनचा आवाज उतरायला वेळ लागतो, प्लग पांढुरका दिसतो. मग कार्ब्युरेटरमधला पायलट जेट (कमी रेसला पेट्रोल सोडणारा) एक माप मोठा लावा. एअर फिल्टरचा स्पंज खाणीच्या लाल धुळीत दर दोन वेळांनंतर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल लावून बसवा. रेडिएटरचा पंखा सुरू होतो की नाही हे दर वेळी ऐका. या वेगाला वारा लागतच नाही, सगळी भिस्त पंख्यावर.

तोल: इंजिन बंद ठेवून

पहिले काही आठवडे सपाट जागेवरच. अंगणातली वीस बाय वीस फूट जागा पुरे.

पुढचं चाक भिंतीला किंवा चिऱ्याला टेकवा, हँडल डावीकडे पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक दाबा, दोन्ही पाय फूटरेस्टवर. पायाचा पंजा आणि टाच यांच्या मधला भाग फूटरेस्टवर, टाच खाली. कंबर फूटरेस्टच्या बरोबर वर. नजर तीन-चार मीटर पुढे. चाकाकडे बघितलं की तोल जातो, कारण डोकं खाली वळताच खांदे पुढे पडतात. बाइक डावीकडे कलली तर गुडघा उजवीकडे न्या. हँडल ओढू नका. दहा सेकंद जमलं की चिरा काढून मोकळ्यावर करा, मग उजव्या लॉकला. उजवी बाजू सगळ्यांनाच जड जाते, कारण मागचा ब्रेक उजव्या पायाला असतो आणि तो पाय मोकळा सोडता येत नाही.

नंतर इंजिन सुरू करून फुल लॉकमध्ये आठचा आकडा. दोन चिरे चार मीटर अंतरावर ठेवा आणि जमेल तसं अंतर कमी करा. पहिला गियर, रेस थोडी आणि एकसारखी, वेग फक्त क्लचने, आणि मागचा ब्रेक हलका लागलेला. डावीकडे वळताना बाइक डावीकडे कलवा, कंबर उजवीकडे बाहेर, वजन उजव्या फूटरेस्टवर. उजवा हात लांब जातो, डावं कोपर वर येतं. इथे दोन चुका हमखास होतात. एक, पुढचा ब्रेक दाबला जातो. लॉकमध्ये असलेलं चाक अडलं की बाइक आतल्या बाजूला धाडकन बसते. दुसरी, रेस कमी-जास्त करून वेग सांभाळायचा प्रयत्न. रेस एका जागी ठेवा आणि बोटाने क्लच अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे करत राहा. हे एक कौशल्य आलं की बाकीचं पटापट येतं. ते न येता पायरीवर गेलेला माणूस तिथेच अडकून बसतो.

आडव्या उतारावर जाताना खालच्या बाजूच्या फूटरेस्टवर वजन द्या, बाइक डोंगराकडे कलवा, अंग दरीच्या बाजूला राहू द्या. मन सांगतं त्याच्या हे नेमकं उलट आहे, म्हणून आधी घरामागच्या छोट्या बांधावर सवय करा.

माडाचा ओंडका

पंचवीस-तीस सेंटिमीटर जाडीचा माडाचा तुकडा घ्या आणि दोन्ही बाजूंनी दगडाची पाचर मारा. गोल ओंडका चाकाखाली फिरला तर बाइक बाजूला फेकली जाते. ओला माड तर साबण लावल्यासारखा होतो, त्यामुळे सुरुवात कोरड्यावर.

चालण्याच्या वेगाने सरळ काटकोनात या. चाक ओंडक्यापासून अर्ध्या मीटरवर असताना पायांनी बाइक खाली दाबा, आणि शॉक वर येत असतानाच क्लच पकडीत सोडून रेसचा एक छोटा झटका द्या. हातांनी हँडल ओढू नका. चाक उचलतं ते पायांच्या जोराने आणि क्लचने. पुढचं चाक ओंडक्याच्या वरच्या तिसऱ्या भागावर टेकलं की रेस बंद, क्लच आत, आणि गुडघे सैल सोडून बाइक पुढे ढकला. मागचं चाक आपोआप वर येऊन पलीकडे उतरतं. त्या क्षणी रेस चालू राहिली तर मागचं चाक ओंडक्यावर घसरून एका बाजूला जातं. चाक फारच वर गेलं तर मागचा ब्रेक ते लगेच खाली आणतो, म्हणून उजवा पाय कधीही पेडलवरून हलवायचा नाही.

चिऱ्याची पायरी

पायरी रचताना जुने, उघड्यावर राहून घट्ट झालेले चिरे वापरा. खाणीतून नुकता निघालेला चिरा मऊ असतो, वरची कड चाकाखाली भुगा होते. सांधे एकावर एक येऊ देऊ नका, मागे माती भरून धुम्मस करा आणि वरची कड हातोडीने मोडून गोलसर करा. उंची टेपने मोजून लिहून ठेवा. चिऱ्यांची मापं खाणीगणिक बदलतात. पायरीच्या माथ्यावर निदान दोन मीटर सपाट जागा हवी.

चाकाच्या आसापर्यंतची पायरी ओंडक्याच्याच पद्धतीने, एका झटक्यात चढते. त्याहून उंच पायरीला दोन झटके लागतात आणि ते खऱ्या ट्रायल्स बाइकवरच करा. दुसरा गियर बरा. पहिल्यात चाक घसरतं. पहिल्या झटक्याने पुढचं चाक उचला आणि ते पायरीच्या वरच्या कडेखाली, साधारण हातभर खाली, उभ्या भिंतीवर आपटू द्या. हे मुद्दाम करायचं असतं: त्या धक्क्याने फोर्क दबतो, बाइकची पुढची बाजू वर उसळते आणि मागचा शॉकही दबतो. टायर टेकला त्याच क्षणी दुसरा, मोठा झटका, आणि सोबत गुडघे सरळ करत वर उडी. मागचं चाक भिंतीला लागेल तेव्हा तुमचं वजन बाइकवर नसलं पाहिजे. चाक माथ्यावर आलं की क्लच आत.

कुठे चुकतंय हे बाइकच सांगते. इंजिनखालची प्लेट कडेवर आपटून अडकली, तर दुसरा झटका उशिरा आला. मागचं चाक भिंतीवर लागून परत खाली आलं, तर उडी न मारता नुसती रेस दिली. पायथ्याशीच चाक फिरत राहिलं, तर अंग लवकर पुढे गेलं आणि मागची पकड सुटली. बाइक पाठीवर यायला लागली, तर हात ताठ करून मागे लटकलात. पहिल्या दिवसांत एक माणूस पायरीच्या वर बाजूला उभा राहून पुढचं चाक किंवा हँडल पकडायला हवा. खाली मागे कोणीही उभं राहायचं नाही.

उतरताना कंबर मागे, हात किंचित वाकलेले, पहिला गियर, पुढचा ब्रेक एका बोटाने हळूहळू घट्ट. ओल्या शेवाळावर मात्र हिशेब बदलतो. तिथे शेवाळ लागण्याआधी वेग ठरवा, त्यावर सरळ जा, ब्रेक नको, वळण नको, दुसऱ्या गियरमध्ये रेस शांत. अशा जागी घसरायला लागलेली बाइक वाचवायच्या नादात पाय खाली गेला तर पायही घसरतो. सोडून द्या आणि वरच्या बाजूला उतरा. उताराच्या खालच्या बाजूला कधीच नाही.

हेल्मेट, घोट्यापर्यंतचे बूट, हातमोजे, गुडघ्याचे पॅड, आणि मनगटाला दोरी बांधलेला इंजिन बंद करायचा स्विच. यांतलं काहीही घरी राहिलं असेल तर त्या दिवशी नुसता तोलाचा सराव करा.

जागा आणि माणसं

पडीक दिसते म्हणून जागा मोकळी नसते. कोमुनिदादची (गावाच्या सामायिक जमिनीची संस्था) असेल तर तिथे विचारा, काजूची बाग असेल तर भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, आणि बाग कसणाऱ्यालाही. फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. बोंडू गोळा करायला बायका-मुलं पहाटेपासून झाडांखाली असतात आणि गवत सुकलेलं असतं. तापलेला सायलेन्सर सुक्या गवतात टेकवून बाइक आडवी ठेवली तर आग लागते. हे चार महिने अंगणात किंवा उघड्या सड्यावर काढा. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी ही अभयारण्यं आणि सत्तरीतल्या देवराया पूर्ण वर्ज्य. किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हा आहे, आणि मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. जांभ्याचा प्रत्येक सडा म्हणजे मैदान समजू नये हेही आलंच. रिवणजवळ उसगाळीमळला कुशावतीच्या काठची प्राचीन चित्रं अशाच जांभ्यावर कोरलेली आहेत. अनोळखी सड्यावर आधी पायी फिरून बघा.

चिरेखाणीत पाणी साचलेलं असेल तर काठाजवळ सेक्शन आखू नका. काठ ढासळतो आणि पाण्याची खोली दिसत नाही. रचून ठेवलेले चिरे हलवताना आधी काठीने ठोकून बघा, हातमोजे घाला, बोटं खाली घालू नका. फुरशाला अशीच जागा आवडते. पावसात खरचटलं तर जखम लगेच साबणाने धुऊन झाका. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप होतो, आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर पाण्यात उतरल्याचं डॉक्टरांना सांगा.

घरी आल्यावर

प्रेशर पंपाने धुवायचा मोह टाळा. पाण्याची धार चाकाच्या, हँडलच्या आणि मागच्या लिंकेजच्या (शॉकला जोडणाऱ्या सांध्यांच्या) बेअरिंगमध्ये शिरते, ग्रीस बाहेर पडतं आणि महिन्याभरात गंज. साध्या नळीने लाल माती भिजवा, ब्रशने काढा. रेडिएटर मागच्या बाजूने हलक्या धारेने. फोर्कच्या नळ्या पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवा, नाहीतर खारी हवा त्यांवर बारीक खड्डे पाडते आणि ऑइल सील गळायला लागतं. लिंकेज वर्षातून दोनदा उघडून ग्रीस भरा, त्यातली एक वेळ पावसाआधी. ॲल्युमिनियममध्ये बसणाऱ्या प्रत्येक बोल्टला ग्रीस लावूनच परत घाला. ओहोळातून आणल्यावर गियर ऑइलची काच बघा. तेल दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदला. लाल चिखलात ब्रेक पॅड लवकर झिजतात, दोन मिलिमीटर उरले की नवे घाला.

पावसात बाइक महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा, पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू उघडा आणि सगळं पेट्रोल जाऊ द्या. प्लग काढून टू-स्ट्रोक ऑइल पाच मिलिलीटर आत सोडा, किक दोनदा हळू मारा, प्लग परत बसवा. क्लचची लिव्हर दाबून रबराने ग्रिपला बांधून ठेवा, म्हणजे आतल्या प्लेटा एकमेकींना चिकटत नाहीत. सायलेन्सरच्या तोंडात फडकं कोंबा. कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते आणि मग बाइक का सुरू होत नाही ते कळायला अर्धा दिवस जातो. फडक्याचं एक टोक बाहेर लोंबतं ठेवा, म्हणजे सप्टेंबरात किक मारण्याआधी ते डोळ्यांना दिसेल.